रोस्किल्डच्या मुख्य वेदीमागची ती बाई कोण? डेन्मार्कच्या राजघराण्यातल्या स्त्रियांबद्दल

ऋतुजा_उत्तरेकडून

मंडळी, जरा मदत हवी आहे. मी नोकरीनिमित्त कोपनहेगनला असते. सध्या आई आली आहे, म्हणून गेल्या शनिवारी तिला रोस्किल्डला घेऊन गेले. लाल विटांचं भलंमोठं कॅथीड्रल आणि आत जवळजवळ चाळीस राजे-राण्यांच्या कबरी. आई गर्दीत न थांबता सरळ मुख्य वेदीच्या मागे जाऊन उभी राहिली. तिथे काळ्या दगडाच्या उंच पेटीवर पांढऱ्याशुभ्र अलाबास्टरमध्ये कोरलेली एक तरुण बाई आडवी आहे. आई म्हणाली, "अगं, सगळ्यात मानाची जागा हिला दिलीये, मग हिचा राजा कुठाय?" पाटी वाचून मी एवढंच सांगू शकले, की ही मार्गरेट पहिली.

मार्गरेट दुसरीने १४ जानेवारी २०२४ ला गादी सोडली तेव्हा मी इथेच होते, कडाक्याच्या थंडीत लोक रस्त्यावर उभे होते. पण पहिली गेली १४१२ मध्ये आणि दुसरी गादीवर आली १९७२ मध्ये. मधली ५६० वर्षं बायका काय करत होत्या? ऑफिसात विचारलं की सगळे सातव्या क्रिस्टियानची राणी कॅरोलाइन माटिल्डे आणि राजाचा डॉक्टर स्ट्रुएन्से यांचीच गोष्ट सांगतात. मला प्रेमप्रकरण नको आहे, कारभार हवा आहे. कोणाच्या हातात खरी सत्ता होती, ती कशी चालवली आणि त्यातलं काय उरलं? आईला परत जाण्याआधी नीट सांगायचं आहे.

---

विद्या_सांगलीकर

ऋतुजा, तुझ्या आईंनी नेमका प्रश्न विचारला. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि तेव्हापासून या एकाच बाईच्या मागे लागले आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

कारभार हवा म्हणालीस, तर लढाईपासून सुरुवात करू नकोस, एका पत्रापासून कर. साल १३७०, ठिकाण ओस्लोचा आकर्शुस किल्ला. मार्गरेट सतरा वर्षांची, नॉर्वेचा राजा होकॉन सहावा याची राणी. नवरा बाहेरगावी. ती त्याला कळवते की माझी आणि माझ्या माणसांची खाण्यापिण्याची फार आबाळ चालली आहे, काहीतरी तजवीज करा, नाहीतर उपाशी राहून माणसं मला सोडून जातील. पुढे अगदी व्यवहाराचं बोलते: अमुक व्यापाऱ्याला चिठ्ठी लिहा, मी मागेन तो माल त्याने उधारीवर द्यावा, पैसे तुम्ही चुकते कराल. राणीच्या कोठारात धान्य नाही, पण माल कुठून मिळेल, तो कोणाच्या शब्दावर मिळेल आणि पैसे कोण देणार हे तिच्या डोक्यात पक्कं आहे. मला ही मुलगी तिथेच आवडली. पुढे चाळीस वर्षं तिने हेच केलं, फक्त कोठार तीन राज्यांचं झालं.

ही डेन्मार्कचा राजा वाल्डेमार आटेरडाग याची धाकटी लेक. जन्म १३५३ चा, दहाव्या वर्षी लग्न. तिला वाढवलं मेरेटा उल्फ्सडॉटर या स्वीडिश बाईने, म्हणजे संत ब्रिगिटाच्या मुलीने. मेरेटाची स्वतःची मुलगी आणि ही राजकन्या दोघींना एकाच छडीचा मार मिळायचा असं सांगतात. राजकन्या म्हणून सवलत नव्हती.

१३७५ मध्ये वाल्डेमार गेला. मुलगा आधीच वारलेला. थोरल्या मुलीचा मुलगा मेक्लेनबुर्गच्या घराण्यातला होता, त्याचा हक्क वरचा मानला जात होता आणि त्याच्या मागे जर्मन सम्राट उभा होता. मार्गरेटने वेळ दवडला नाही. डेन्मार्क गाठलं, सरदारांना आपल्याकडे वळवलं, उत्तर जर्मन शहरांच्या हान्सा व्यापारी संघाशी बोलणी केली आणि १३७६ मध्ये आपल्या पाच वर्षांच्या ओलाफला राजा निवडून घेतलं. हान्सा का महत्त्वाची, तर १३७० च्या तहाने स्कोने किनाऱ्यावरचे (आजच्या दक्षिण स्वीडनमधले) चार किल्ले पंधरा वर्षांसाठी त्यांच्याकडे गेले होते, आणि तो किनारा म्हणजे हेरिंग माशांच्या बाजाराची खाण. तिने भांडण उकरून काढलं नाही. मुदत संपेपर्यंत थांबली आणि १३८५ मध्ये किल्ले परत घेतले. हातघाई न करता वाट बघणं हे तिचं मोठं हत्यार होतं.

होकॉन १३८० मध्ये गेला, ओलाफ नॉर्वेचाही राजा झाला, कारभार आईचाच. आणि ३ ऑगस्ट १३८७ ला ओलाफ फाल्स्टरबोच्या किल्ल्यात अचानक वारला. सोळा वर्षांचा होता. आता बघ, जिच्या नावाने ती राज्य करत होती ते नावच गेलं. राजमाता म्हणून असलेला अधिकार त्या क्षणी संपला. डॅनिश रिवाजात बाईला गादीवर बसवण्याची सोय नव्हती. आठ दिवसांच्या आत, १० ऑगस्टला, लुंडच्या सभेने तिला 'सर्वाधिकार असलेली बाई, घरधनी आणि अवघ्या डेन्मार्क राज्याची पालक' म्हणून निवडलं. एकुलता एक मुलगा गेल्याच्या आठवड्यात ती सभेपुढे उभी होती. ते दिवस तिने कसे काढले असतील याचा एकही कागद नाही. निवडीचा कागद मात्र आहे.

पुढच्या वर्षी नॉर्वेने तिला स्वीकारलं आणि स्वीडनच्या सरदारांनीही बोलावलं, कारण त्यांचा राजा आल्बर्ट त्यांना नकोसा झाला होता. २४ फेब्रुवारी १३८९ ला ओस्लेच्या लढाईत आल्बर्ट पकडला गेला आणि सहा वर्षं स्कोनेतल्या लिंडहोम किल्ल्यात राहिला.

आता खरी गोष्ट. तिने सरदारांनी बळकावलेल्या जमिनी खालसा करायला घेतल्या. १३९६ मध्ये न्यूशॉपिंगला ठराव झाला: १३६३ नंतर स्वीडनमध्ये राजाच्या मालकीची जी जमीन सरदारांकडे गेली ती परत, आणि त्या काळात बांधलेले त्यांचे किल्ले पाडायचे. डेन्मार्कमध्येही तेच. दरबारातलं सर्वात वरचं पद रिकामं झालं तर तिने ते भरलंच नाही, काम आपल्या हाताखालच्या कारभाऱ्यांकडून करून घेतलं. किल्ल्यांवर आपले किल्लेदार नेमले. स्वीडनमध्ये डॅनिश आणि जर्मन किल्लेदार बसवले, त्यांनी करवसुलीत लोकांना पिळलं, आणि त्याचा राग तिच्या मागे १४३४ च्या उठावात बाहेर पडला. ही तिची बाजू मी झाकणार नाही. ती कनवाळू राणी नव्हती, ती कडक मालकीण होती.

१७ जून १३९७ ला स्वीडनच्या कालमारमध्ये तीन राज्यांचा राजा म्हणून मुकुट घातला गेला तो तिच्या बहिणीच्या नातवाला. बोगिस्लाव त्याचं नाव, तिने दत्तक घेऊन एरिक केलं. मुकुट पोराच्या डोक्यावर, सूत्रं हिच्या हातात.

कालमारचे दोन कागद अजून आहेत आणि मला तुला खास त्यांच्याबद्दलच सांगायचं होतं. राज्याभिषेकाचा कागद चर्मपत्रावर आहे, खाली दोऱ्यांना लोंबणाऱ्या मुद्रा, सगळं रीतसर. तीन राज्यांच्या एकीचा करार मात्र साध्या कागदावर आहे, मुद्रा त्यावरच उमटवलेल्या, आणि सतरा जणांच्या मुद्रा हव्यात तिथे दहाच. या करारात राजाच्या हातावर बंधनं होती. तो अर्धवट का राहिला यावर इतिहासकार शतकभर भांडत आहेत. मी एक गोष्ट त्याच्या शेजारी ठेवते. १४०५ मध्ये एरिक नॉर्वेला निघाला तेव्हा तिने त्याला लेखी सूचना दिल्या. त्यात आहे, की लोक सनदा मागायला येतील, तर चर्मपत्रावर लोंबती मुद्रा लावून काही देऊ नकोस, द्यायचंच झालं तर कागदावर दे आणि मुद्रा मागच्या बाजूला उमटव. म्हणजे पक्का कागद कोणता आणि कच्चा कोणता, आणि कच्च्या कागदाने किती वेळ काढता येतो, हे तिला पुरेपूर माहीत होतं. अशा बाईच्या नजरेखाली तो करार कागदावर राहिला तो निष्काळजीपणाने राहिला असं मी मानत नाही.

२८ ऑक्टोबर १४१२ ला फ्लेन्सबोर्गच्या बंदरात, जहाजावर, ती गेली. आधी सोरोला पुरलं, जिथे तिचा बाप आणि मुलगा आहेत. पुढच्या वर्षी बिशपने तिला रोस्किल्डला हलवलं. आईंना सांग, राजा तिथे नाही कारण राज्य तिचंच होतं.

---

निनाद_७८

विद्याताई, फार छान लिहिलंत. आल्बर्टने तिला 'विजार नसलेला राजा' म्हणून हिणवलं होतं आणि सुया घासायला सहाण पाठवली होती, हे खरं का?

---

विद्या_सांगलीकर

निनाद, जुन्या बखरीत ही गोष्ट आहे आणि स्वीडन-डेन्मार्कमध्ये अजून सांगतात. सहाण खरोखर पाठवली का यापेक्षा मला तिच्याच एका दानपत्राची आठवण करून द्यावीशी वाटते. आयुष्याच्या शेवटी, १४११ मध्ये, मठांना पैसे देताना तिने युद्धात ज्या बायकांवर बलात्कार झाले, ज्यांची अब्रू गेली, त्यांच्यासाठी वेगळी रक्कम काढून ठेवली. ती युद्धं तिचीच होती. त्या काळातल्या कुठल्या राजाने अशी तरतूद केल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही.

---

जुना_गोदीवाला

मी मुंबईचा, आयुष्य बंदरात गेलं. ऋतुजाताई, तुमच्या डेन्मार्कची एक बाई आमच्या इथे रोज हजेरी लावायची. आज ज्याला इंदिरा डॉक म्हणतात ती १९१४ मध्ये सुरू झालेली अलेक्झांड्रा डॉक. आमच्या वेळचे जुने मुकादम शेवटपर्यंत 'अलेक्झांड्रा'च म्हणायचे. फोर्टमधली अलेक्झांड्रा मुलींची शाळाही तिच्याच नावाची. माणकजी करसेटजी यांनी ती १८६३ मध्ये काढली, त्याच वर्षी मार्चमध्ये अलेक्झांड्राचं लग्न व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलाशी झालं होतं. हे नाव कोणाचं, म्हणून मी शोधायला लागलो आणि कोपनहेगनच्या एका घराशी पोचलो.

घर म्हणजे पिवळा महाल. नाव महाल, पण राजाच्या दूरच्या नात्यातलं एक कुटुंब बेताच्या पैशात तिथे राहत होतं. मुली आपले कपडे स्वतः शिवत, दोघी बहिणी एका खोलीत झोपत. बाप क्रिस्टियान लष्करात. आता विद्याताईंच्या मुद्द्याला धरून सांगतो: हा क्रिस्टियान नववा राजा झाला तो मुख्यतः बायकोमुळे. गादीला वारस नव्हता, आणि त्याच्या बायकोचं, म्हणजे लुईझचं, नातं जास्त जवळचं होतं. तिच्या आईने आणि भावंडांनी आपले हक्क तिच्यासाठी सोडले आणि तिने ते नवऱ्याला दिले. १८५२ मध्ये लंडनला मोठ्या राष्ट्रांनी त्यावर सही केली. त्याला पुढे 'युरोपचा सासरा' म्हणू लागले, पण सोयरिकी जुळवणारी लुईझ होती.

थोरली अलेक्झांड्रा इंग्लंडला गेली आणि वर्षाच्या आत, १८६४ मध्ये, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने डेन्मार्कवर चाल करून श्लेस्विग-होल्स्टाइन तोडलं. सासू व्हिक्टोरियाचं मन जर्मनांकडे, सून माहेरच्या बाजूने. तिने प्रशियाला जन्मभर माफ केलं नाही. १८९० मध्ये इंग्लंडने हेलिगोलँड बेट जर्मनीला दिलं तेव्हाही ती कडाडून विरोधात होती, आणि त्या बेटावर पुढे जर्मन आरमाराचा तळ झाला. तिला आईकडून बहिरेपण आलं होतं, ते वाढत गेलं आणि दरबारातली माणसं तिला भोळी समजत. मला ते पटत नाही. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनने त्वचेच्या क्षयावर दिव्याच्या प्रकाशाने उपचार शोधला होता. तो दिवा १९०० मध्ये पूर्व लंडनमधल्या गरिबांच्या इस्पितळात आणवला तो हिने. चेहरा सडवणारा रोग होता तो. फिन्सेनला नोबेल मिळालं त्यानंतर तीन वर्षांनी. माणूस मोठा होण्याआधी ओळखणं सोपं नाही.

धाकटी दागमार. तिची गाठ रशियाच्या युवराजाशी बांधली होती, तो १८६५ मध्ये नीसला वारला. पुढच्या वर्षी त्याच्या धाकट्या भावाशी लग्न झालं आणि ती मारिया फ्योदोरोव्हना झाली. १८८१ मध्ये बॉम्बने घायाळ झालेल्या सासऱ्याचा मृत्यू तिने पाहिला. शेवटचा झार निकोलस हा तिचा मुलगा. क्रांतीनंतर १९१९ मध्ये क्रिमियातून तिला बाहेर काढायला ब्रिटिश युद्धनौका आली ती अलेक्झांड्राच्या मुलाने, पाचव्या जॉर्जने, पाठवलेली. मुलगा आणि नातवंडं मारली गेली हे तिने अखेरपर्यंत मान्य केलं नाही. १९२८ मध्ये डेन्मार्कात गेली. रोस्किल्डलाच ठेवलं होतं तिला, २००६ मध्ये शवपेटी सेंट पीटर्सबर्गला नेऊन नवऱ्याशेजारी पुरली. तेव्हा आईंना ती दिसली नसणार.

---

मृणाल_वाचते

धागा छान रंगलाय. माझी आवडती बाई अजून आली नाही म्हणून लिहिते. लिओनोरा क्रिस्टीना उल्फेल्ट, चौथ्या क्रिस्टियानची मुलगी, जन्म १६२१. आई कर्स्टन मुंक राणी नव्हती, त्यामुळे मुलगी राजकन्या नाही, 'काउंटेस'. पंधराव्या वर्षी कॉर्फिट्स उल्फेल्टशी लग्न झालं आणि तो राज्याचा सर्वात वरचा कारभारी झाला. बाप असेपर्यंत दरबारात मानाची बाई हीच. बाप १६४८ मध्ये गेला, सावत्र भाऊ फ्रेडरिक तिसरा गादीवर आला आणि त्याची राणी सोफी अमालीने हिचा मान उतरवायला सुरुवात केली. उल्फेल्टने तर शत्रूच्या, म्हणजे स्वीडनच्या राजाच्या छावणीत जाऊन डेन्मार्कविरुद्ध काम केलं. नवऱ्याचा राजद्रोह उघड आहे, आणि लिओनोराने त्याची साथ कधीच सोडली नाही.

१६६३ मध्ये ती इंग्लंडला गेली. दुसऱ्या चार्ल्सला तो परागंदा असताना यांनी पैसे उसने दिले होते, ते मागायला. चार्ल्सने पैसे दिले नाहीत, उलट डोव्हरला तिला डॅनिश लोकांच्या हवाली केलं. ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या राजवाड्याच्या निळ्या बुरुजात कोंडलं. खटला नाही, शिक्षा सुनावलेली नाही. बाहेर आली १९ मे १६८५ ला. जवळजवळ बावीस वर्षं. सोफी अमाली त्याच वर्षी फेब्रुवारीत वारली आणि मगच दार उघडलं.

आत तिच्याकडे ना कागद, ना शाई. साखर ज्यात बांधून येई तो कागद तिने जपून ठेवला. मेणबत्तीची काजळी चमच्यावर धरली, बिअरमध्ये कालवली, शाई झाली. कोंबडीच्या पिसाची लेखणी. उंदीर मेणबत्त्या खाऊन टाकायचे, म्हणून त्याही सांभाळायच्या. यातून पुढे एक आठवणींचा ग्रंथ तयार झाला, 'यामर्स मिंडे', म्हणजे दुःखाच्या आठवणी. पहारेकरणी कशा बोलायच्या, कोण दारू प्यायची, कोण चहाड्या करायची, सगळं त्यांच्याच तोंडच्या बोलीत आहे. हस्तलिखित तिच्या वंशजांकडे ऑस्ट्रियात पडून होतं, छापलं गेलं १८६९ मध्ये. आज सतराव्या शतकातलं डॅनिश गद्य म्हटलं की पहिलं नाव हिचं घेतात. शिवाय तिने इतिहासातल्या पराक्रमी स्त्रियांवरही एक पुस्तक लिहायला घेतलं होतं आणि त्यात आपली मार्गरेट पहिली आहे.

ऋतुजा, तू कारभार म्हणतेस. सोफी अमालीकडे कारभार होता, सत्ता होती, बुरुजाची किल्ली होती. पण त्या दोघींच्या भांडणाबद्दल आज आपण जे वाचतो ते सगळं कैदेतल्या बाईने लिहिलेलं आहे. माझ्या मते हाही प्रभावच, आणि छोटा नाही.

---

समुद्रपक्षी

एक छोटी भर. मुंबई पोर्तुगालच्या कॅथरीनच्या हुंड्यात इंग्रजांना मिळाली हे आपल्याकडे शाळेत शिकवतात. स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी आणि शेटलंड बेटंसुद्धा अशीच गेली. पहिल्या क्रिस्टियानची मुलगी मार्गरेट, १४६९ मध्ये स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सशी लग्न. हुंडा ठरला ६०,००० ऱ्हाइन गुल्डन आणि बापाच्या तिजोरीत पैसे नाहीत. ५०,००० साठी ऑर्कनी गहाण. उरलेल्या १०,००० पैकी २,०००च जमले, म्हणून ८,००० साठी शेटलंड गहाण. सोडवून घेता आली नाहीत आणि १४७२ मध्ये स्कॉटलंडने ती आपल्यात सामील केली. लग्नाच्या वेळी नवरी तेरा वर्षांची होती.

---

ऋतुजा_उत्तरेकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला विद्याताईंचा आणि मृणालचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. तिने 'उधारीवर माल' दोनदा वाचायला लावलं.

एक प्रश्न उरलाच. ५६० वर्षांचा खंड का? कायद्यानेच बंदी होती, की योग आला नाही?

आणि दुसरं. माझा इथला एक सहकारी म्हणाला की मार्गरेटची एकी १५२३ मध्ये स्वीडनने मोडली, मग तिचं कर्तृत्व टिकलं कुठे? मला उत्तर देता आलं नाही, पण त्याचं म्हणणं पटलंही नाही.

---

विद्या_सांगलीकर

आधी कायदा. १६६० पर्यंत डेन्मार्कमध्ये राजा निवडला जायचा आणि निवडणारे सरदार बाईला निवडायचे नाहीत. मार्गरेटलाही त्यांनी 'राणी' म्हणून निवडलं नव्हतं, पालक म्हणून निवडलं होतं. १६६५ च्या राजकायद्याने गादी वंशपरंपरेने दिली, आणि गंमत म्हणजे त्यात पुरुषांच्या शाखा संपल्या तर स्त्रीला वाव होता. पण तशी वेळ येईपर्यंत, १८५३ मध्ये, तोच क्रिस्टियान नववा गादीवर यावा म्हणून नवा वारसाकायदा केला आणि स्त्रियांना पूर्ण वगळलं. म्हणजे गोदीवाल्या काकांनी सांगितलं तसं, लुईझच्या हक्कावर नवरा राजा झाला आणि त्याच कायद्याने तिच्या लेकीबाळींचं दार बंद झालं. हे मला फार लागतं.

मग नवव्या फ्रेडरिकला तीन मुलीच. थोरली मार्गरेट १६ एप्रिल १९४० ला जन्मली, जर्मनांनी डेन्मार्क ताब्यात घेतल्यावर बरोबर आठवड्याने. तेव्हा ती वारस नव्हतीच, वारस होता तिचा काका क्नुड. १९५३ मध्ये राज्यघटनेबरोबर वारसाकायदाही जनतेच्या मताने बदलला: भाऊ नसेल तर मुलगी. ती तेव्हा तेरा वर्षांची. १९७२ मध्ये गादीवर आली आणि 'दुसरी' हा आकडा घेतला, म्हणजे जिला तिच्या काळात राणीचा मान मिळाला नव्हता तिला पहिली म्हणून मोजलं. मुलगा-मुलगी सारखे व्हायला २००९ चं सार्वमत लागलं. आता थोरलं अपत्य, मग ते कोणीही असो.

आता तुझ्या सहकाऱ्याला काय सांगायचं ते. स्वीडन १५२३ मध्ये कायमचं गेलं, बरोबर. पण ओलाफने १३७६ मध्ये आजोबांचं डेन्मार्क घेतलं आणि १३८० मध्ये बापाचं नॉर्वे, ती जोडी आईने टिकवली आणि ती १८१४ पर्यंत टिकली. नॉर्वे एकटं आलं नव्हतं. आइसलँड, फेरो बेटं आणि ग्रीनलँडच्या वसाहती तेराव्या शतकापर्यंत नॉर्वेच्या राजाकडे गेल्या होत्या, त्या नॉर्वेबरोबर आल्या. १८१४ च्या कीलच्या तहात डेन्मार्कने नॉर्वे स्वीडनला दिलं, पण ही तीन बेटं त्यातून वगळली गेली. आइसलँड १९४४ मध्ये प्रजासत्ताक झालं. फेरो आणि ग्रीनलँड आजही डॅनिश राज्यात आहेत. ग्रीनलँड कोणाचं यावर आज वॉशिंग्टन आणि कोपनहेगन यांच्यात बोलाचाली होते, त्यात डेन्मार्कचा हक्क मागे मागे शोधत गेलीस तर तो १३६३ च्या लग्नापाशी पोचतो, जिथे नवरी दहा वर्षांची होती. सहकाऱ्याला नकाशा उघडायला सांग.